खाटा मोजल्या, रोगी कोण मोजणार?

रेल्वेच्या एखाद्या इस्पितळाला कात्री लावायची असली, की प्रशासनाच्या हातात एक आकडा तयार असतो. खाटा इतक्या, त्यांतल्या भरलेल्या इतक्या. म्हणून हे इस्पितळ परवडत नाही, डॉक्टर-नर्स-ड्रेसर यांची पदे जास्त आहेत, रोगी टाय-अप हॉस्पिटलात पाठवले तर स्वस्त पडेल. टपाल खात्यात आकडा वेगळा असतो, पण चाल तीच. वैद्यकीय बिले इतकी आली, इतक्या दिवसांत निकालात निघाली, तक्रारी थोड्या. म्हणजे सारे ठीक. असा आकडा बैठकीच्या टेबलावर आला की आपले प्रतिनिधीही क्षणभर गप्प होतात. आकड्याशी वाद घालायचा तरी कसा?

आम्ही म्हणतो, वाद घातलाच पाहिजे. आकडा पुष्कळदा खराच असतो. पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे कोणी सांगत नाही. खाटा किती भरल्या हे कळले. कामगाराचा जीव वाचला का, त्याचा खर्च घटला का, तो वेळेत कामावर परतला का, निवृत्त माणसाला औषध मिळाले का, हे मात्र कोणी विचारलेलेच नसते.

आरोग्यसेवेचे आणि समाजकल्याणाच्या योजनांचे मूल्यमापन हा विषय विद्यापीठातल्या पंडितांचा आहे, असा आपला समज करून दिला गेला आहे. तो समज टाकून द्यायला हवा. मूल्यमापनाच्या एका कागदावर दवाखाना बंद होतो, पदे जातात, आणि पेन्शनरला बीपीच्या गोळ्यांसाठी एसटीने तालुका ओलांडून जावे लागते. ज्याच्या पोटावर पाय येतो, त्याने मोजपट्टी कोणाची हे विचारणे भाग आहे.

वेळेवर पोहोचलेली गाडी

मोजपट्टीची लबाडी आपल्याइतकी कोणाला ठाऊक? गाडी वेळेवर धावली की नाही, हे शेवटच्या स्टेशनावर ठरवायचे आणि वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात मोकळी मिनिटे भरून ठेवायची. मधल्या स्टेशनावर गाडी पाऊण तास उशिरा आलेली असते. तिथे उतरणाऱ्याचा दाखला, मुलाखत, कोर्टाची तारीख हुकलेली असते. पण अखेरच्या स्टेशनावर गाडी ‘राइट टाइम’ लागते आणि विभागाची टक्केवारी झळकते.

टपालात तेच. एका पोस्टमनवर दोन बीट टाकायचे, उन्हातान्हात त्याला चार मजले चढायला लावायचे आणि संध्याकाळी विचारायचे, किती नगांचा निकाल लागला? ‘दार बंद’ असा शेरा पडला तरी कागदावर त्या नगाची त्या दिवसाची वाट लागलेली असते. घरची म्हातारी मनीऑर्डरची वाट पाहत बसली आहे, हे त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात येत नाही. गाडी आणि टपाल यांची ही गत. मग रोगाच्या आणि माणसाच्या कामात काय होत असेल?

कार्डे वाटली, खर्च घटला का?

केंद्र सरकारने २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच्या इस्पितळातल्या उपचारांचे संरक्षण आणि हातात एक स्मार्ट कार्ड. पुढची अनेक वर्षे योजनेचे यश कार्डांच्या संख्येत सांगितले गेले. इतकी कोटी कार्डे, इतके जिल्हे, इतकी इस्पितळे. गरीब कुटुंबाच्या खिशातून जाणारा पैसा कमी झाला का, हा साधा प्रश्न राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी घेऊन अनुप करण, विनी यिप आणि अजय महाल या अभ्यासकांनी तपासला. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की गरिबांवरचा औषधोपचाराच्या खर्चाचा बोजा कमी करण्यात ही योजना परिणामकारक ठरली नाही. कार्ड होते, पण बोजा होता तिथेच होता.

त्यानंतर २३ सप्टेंबर २०१८ रोजी पंतप्रधान जन आरोग्य योजना सुरू झाली. संरक्षण वाढून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाले. पुन्हा कार्डांचे आकडे, पुन्हा फलक. २०२३ साली महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. एकाच मोबाइल क्रमांकावर, आणि तोही दहाच्या दहा आकडे नऊ असलेल्या क्रमांकावर, सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले. आधी मृत दाखवलेल्या रोग्यांच्या उपचारांचे पैसे दिले गेल्याचेही त्यात नोंदले आहे.

या योजनांतून कोणाचेच भले झाले नाही, असे आम्ही म्हणत नाही. ज्या शेतमजुराचे हृदयाचे ऑपरेशन कार्डावर झाले, त्याच्यापुढे आम्ही असे बोलण्याचे धाडस करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की कार्डाची संख्या हे वाटपाचे मोजमाप आहे, आरोग्याचे नाही. तिकिटे किती विकली यावरून उतारू सुखरूप पोहोचले असे कोणी स्टेशनमास्तर म्हणेल का?

अनेक हातांचे काम

गोळी तपासणे त्या मानाने सोपे असते. निम्म्या रोग्यांना गोळी द्यायची, निम्म्यांना नाही, आणि कोण बरे झाले ते पाहायचे. पण इस्पितळ, विमा योजना, घरपोच बाळंतपणाची सेवा, वृद्धांची देखभाल ही गोळी नव्हे. तिथे डॉक्टर आहे, नर्स आहे, औषधाचे भांडार आहे, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आहे, सही करणारा बाबू आहे, आणि रोग्याच्या घरची परिस्थिती आहे. एक कडी निसटली की साखळी तुटते. एका गावी जे जमते ते दुसऱ्या गावी जमत नाही.

अशा गुंतागुंतीच्या उपायांचे मूल्यमापन कसे करावे, याची मार्गदर्शिका ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने २००० साली काढली, २००८ साली सुधारली आणि २०२१ साली पुन्हा नव्याने मांडली. त्यातले सार आपल्या भाषेत असे: योजना चालली की नाही एवढे विचारून थांबू नका. ती कोणत्या परिस्थितीत चालली, कोणासाठी चालली, कशामुळे चालली, खर्च कोणावर पडला, हे विचारा. आणि ती राबवणारे व तिचा लाभ घेणारे यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. हे सांगायला परदेशी कौन्सिल कशाला हवी होती, असे कुणी म्हणेल. खरे आहे. वर्कशॉपमधला फिटर हेच रोज सांगतो. पण निदान फिटरचे ऐकले नाही तर कौन्सिलचे तरी ऐका!

आता रेल्वेचे इस्पितळ या नजरेने पाहा. तिथला डॉक्टर खाटेवरच्या रोग्याला तपासतोच. पण लोको पायलटची, पॉइंट्समनची ठराविक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी तोच करतो. गाडीत बसलेल्या हजार उतारूंची सुरक्षितता त्या लोको पायलटच्या नजरेवर असते. सिक आणि फिटचा निर्णय तोच देतो. अपघात झाला की अपघात मदत वैद्यकीय गाडीतून मध्यरात्री तोच निघतो. कॉलनीतले पाणी, रनिंग रूममधले जेवण, मुलांच्या लसी, निवृत्तांची औषधे हे सारे त्याच यंत्रणेचे काम. यांतले एकही काम ‘भरलेल्या खाटा’ या आकड्यात दिसत नाही. सात पदरांच्या दोरातला एक पदर मोजायचा आणि दोर कमकुवत ठरवायचा, हा कुठला न्याय?

शिवाय खाटा रिकाम्या का, हेही विचारा. तज्ज्ञ डॉक्टरचे पद वर्षानुवर्षे रिकामे. मशीन आहे तर टेक्निशियन नाही, टेक्निशियन आहे तर फिल्म नाही. मग रोगी रेफर होतो. रोगी रेफर झाला की खाट रिकामी. खाट रिकामी म्हणून पद सरेंडर. पद सरेंडर म्हणून आणखी रोगी रेफर. आधी पाय बांधायचे आणि मग घोडा पळत नाही म्हणून विकायला काढायचा. अर्थतज्ज्ञ बिबेक देबरॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ सालच्या अहवालात रेल्वेने इस्पितळे, शाळा यांसारख्या कामांपासून दूर व्हावे, गाड्या चालवण्याच्या मूळ कामावर लक्ष द्यावे, अशी शिफारस केली. आम्ही विचारतो, गाडी चालवणाऱ्याचे डोळे तपासणे हे मूळ काम नव्हे काय?

टपालवाल्यांचे दुखणे आणखी निराळे आहे. केंद्रीय सरकारी आरोग्य योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली आणि ती मुख्यतः शहरांपुरतीच राहिली. तालुक्याच्या पोस्टातला कर्मचारी १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांखाली आधी पदरचे पैसे घालतो, मग बिल मागतो. बिले किती दिवसांत पास झाली याचा हिशोब कार्यालय ठेवते. पदरचे पैसेच नसल्यामुळे ज्याने उपचार अर्धवट सोडले, ज्याने कागदांच्या त्रासाला कंटाळून बिलच लावले नाही, त्याचा हिशोब कोण ठेवतो? आणि ग्रामीण डाक सेवक? तो ना त्या योजनेत, ना या नियमांत. त्याचे बिलच नाही, म्हणून त्याचे दुखणेही नाही!

उत्तर प्रदेशातला धडा

प्रामाणिक मूल्यमापन कसे असते याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. सुरक्षित बाळंतपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक तपासयादी तयार केली. हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, बाळाला लगेच आईजवळ दिले का, अशी साधी पण जीव वाचवणारी कामे त्यात आहेत. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत १२० आरोग्य केंद्रे निवडली. निम्म्या केंद्रांत नर्सना आठ महिने सोबत राहून शिकवणारे प्रशिक्षक दिले, निम्म्यांत नेहमीचेच काम चालू ठेवले. दीड लाखाहून अधिक बाळंतिणींची पुढची हकिगत नोंदवली. निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला.

दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा प्रशिक्षक असलेल्या केंद्रांत आवश्यक कामांपैकी सुमारे ७३ टक्के होत होती, इतरत्र ४२ टक्के. नर्सनी काम करून दाखवले. प्रशिक्षक निघून गेल्यावर, बाराव्या महिन्यात, ते प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. इतरत्र ४४. आणि पहिल्या सात दिवसांत बाळाचा वा आईचा मृत्यू किंवा आईला गंभीर त्रास, असे प्रसंग किती? एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. म्हणजे फरक नाहीच.

आता विचार करा. या ठिकाणी केवळ याद्या भरल्याचा आकडा घेतला असता, तर योजनेचा जयजयकार झाला असता. मृत्यूपर्यंत जाऊन पाहिले, म्हणून सत्य कळले. संशोधकांनी ते दडवले नाही, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. यातून आम्ही काढतो तो अर्थ असा: यादीवर खूण करून रक्तपेढी उभी राहत नाही. सिझेरियन करणारा डॉक्टर यादीतून येत नाही. गुदमरलेल्या बाळाला मोठ्या इस्पितळात नेणारी गाडी यादीतून येत नाही. माणसे आणि साधने न देता नुसत्या शिस्तीच्या फतव्याने सेवा सुधारते, असे समजणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा निकाल भिंतीवर लावावा.

गडचिरोलीतून देशभर

दुसरे उदाहरण महाराष्ट्राचेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच बाईला शिकवले, तिच्या हाती औषध दिले, गरज पडल्यास इंजेक्शन देण्याचे कौशल्यही दिले, तिच्या कामावर देखरेख ठेवली आणि जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद केली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित बाया हे करू शकतात, हे जगाने मान्य केले.

सरकारने २०११ साली हा कार्यक्रम देशभर आशांच्या हाती सोपवला. बेचाळीस दिवसांत घरी सहा-सात भेटी आणि त्यांचे मिळून २५० रुपये! गडचिरोलीत जे फळले ते अनेक गोष्टींच्या एकत्र येण्याने: शिक्षण, औषध, देखरेख, नोंद आणि त्या बाईला मिळालेला मान. देशभर नेताना यांतले काय टिकले आणि काय गळले, हा खरा मूल्यमापनाचा प्रश्न. पण हिशोब भरलेल्या फॉर्मांचा होतो. जिला कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हणतात, मोबदल्यासाठी जिला मोर्चे काढावे लागतात, तिच्या पायाला आलेले फोड हा त्या कार्यक्रमाचाच भाग आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय कार्यक्रम यशस्वी की अयशस्वी हे कोणी सांगू नये. राबणाऱ्याची सेवाशर्त ही सेवेच्या गुणवत्तेपासून तोडता येत नाही. संघटना म्हणून आपण हे शंभर वेळा सांगितले पाहिजे.

तपासणारा कोण?

गंभीर रेल्वे अपघाताची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतो. तो रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. हे असे का? जो गाड्या चालवतो त्यानेच अपघाताचा न्याय करू नये, म्हणून. १९४१ साली ही तपासयंत्रणा रेल्वे बोर्डापासून वेगळी काढून टपाल व हवाई खात्याकडे दिली गेली. ब्रिटिश राजवटीलाही एवढा साधा न्याय पटला. मग इस्पितळ चालवणारेच इस्पितळ बंद करण्याचा अहवाल लिहितात, विमा योजना राबवणारेच तिच्या यशाचे तक्ते छापतात, हे आज आपण का चालवून घ्यावे?

आपल्यातला आक्षेप

आपल्यातले काही साथी म्हणतील, हे मूल्यमापनाचे भूत आपण होऊन अंगावर का घ्यायचे? वर्क स्टडीवाला आला की दोन पदे सरेंडर होतात, हा आपला अनुभव. टपालात आस्थापना आढावा झाला की बीट जोडले जातात. ही भीती खोटी नाही. घड्याळ घेऊन कामगाराच्या मागे उभा राहणारा माणूस आजवर कामगाराच्या भल्यासाठी आलेला नाही.

पण नकार देऊन काय साधते? आपण दार लावले तरी मोजणी होतेच. फक्त ती आपल्या पाठीमागे होते, आणि आपल्याला थेट निकाल कळतो. दुसरे असे, की आपल्या दवाखान्यांत सारे आलबेल आहे असेही नाही. रांगेत उभ्या पेन्शनरवर कोण खेकसते, औषध ‘उद्या या’ म्हणून कोण परत पाठवते, हे आपणही पाहतो. संघटना रोग्याच्या बाजूने बोलली नाही, तर उद्या इस्पितळ वाचवायला रोगी आपल्या बाजूने उभा राहणार नाही. मोजणीला विरोध करण्यापेक्षा मोजणी पुरी करा, अशी मागणी करणे हाच शहाणपणा.

म्हणून आम्ही पुढील मागण्या मांडतो.

एक, कोणताही दवाखाना बंद करणे, विलीन करणे, कंत्राटावर देणे किंवा रोगी सरसकट बाहेर पाठवणे यापूर्वी त्या सेवेचे संपूर्ण मूल्यमापन झाले पाहिजे. काय मोजणार आणि कशाला यश म्हणणार, हे आधी लेखी जाहीर झाले पाहिजे. निकाल हाती आल्यावर मोजपट्टी बदलता कामा नये.

दोन, मूल्यमापन करणारी यंत्रणा त्या खात्याबाहेरची असावी. कंत्राट मिळण्याची आशा असलेल्या कंपनीच्या सल्लागाराला तिथे जागा नसावी.

तीन, त्यात रोगी, निवृत्त कर्मचारी, कुटुंबातल्या स्त्रिया, तसेच नर्स, फार्मासिस्ट, ड्रेसर, सफाई कामगार यांचे म्हणणे नोंदवले जावे. कंत्राटी कामगार आणि ग्रामीण डाक सेवक यांना वगळून केलेली पाहणी आम्ही मान्य करणार नाही.

चार, जे आले त्यांच्याबरोबर जे आले नाहीत त्यांचाही शोध घ्यावा. उपचार सोडलेले, बिल न लावलेले, दूरच्या गावी राहणारे यांची गणती झाली पाहिजे. खर्चाच्या हिशोबात कामगाराच्या खिशातून गेलेला पैसा आणि बुडालेला रोज धरावा.

पाच, बदल केल्यानंतर वर्षाने आणि पुढेही पाहणी व्हावी. निकाल प्रतिकूल असला तरी छापला जावा, आणि तो कर्मचाऱ्यांच्या भाषेत मिळावा.

सहा, या पाहणीचा उपयोग पदे सरेंडर करण्यासाठी केला जाणार नाही, असे लेखी आश्वासन मिळावे.

हे सारे दिल्लीत ठरेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. भुसावळपासून इटारसीपर्यंत, सोलापूरपासून सिकंदराबादपर्यंत जिथे जिथे आपली शाखा आहे, तिथे एक वही घाला. या तीन महिन्यांत किती रोगी रेफर झाले आणि कोणत्या कारणाने, कोणते औषध किती दिवस नव्हते, किती बिले लागली आणि किती जणांनी लावलीच नाहीत, कोणते पद केव्हापासून रिकामे आहे, हे लिहून काढा. रोग्याचे नाव आणि रोग उघड करू नका. संख्या आणि कारण पुरे. ही वही घेऊन पुढच्या पीएनएम बैठकीला जा, टपालवाल्यांनी जेसीएममध्ये न्या. प्रशासन एक आकडा पुढे करील, तेव्हा आपण सात पुढे करू. मग पाहू, कोण गप्प बसतो ते.